स्वप्नांचं सदर

एका साप्ताहिकात तो स्वप्नांचे अर्थ सांगणारं सदर लिहायचा. वाचकांची पत्रं आटत गेली आणि शेवटी एकाच बाईंचं पत्र यायचं, तेही न चुकता दर आठवड्याला. कधी त्यांच्या स्वप्नातला जिना संपत नसे, कधी शिवलेल्या झग्याला बाह्याच नसत.

संपादकांनी सदर बंद केलं, तेव्हा निदान या बाईंना तरी समक्ष सांगावं म्हणून तो पाकिटावरच्या पत्त्यावर गेला. सत्तरीच्या बाई शिवणकाम करायच्या. खोलीत एक मशीन आणि एकच खुर्ची. ती त्यांनी त्याला दिली नि स्वतः पलंगाच्या कडेला टेकल्या.

"इतकी स्वप्नं पडतात तरी कशी हो तुम्हाला?" त्याने विचारलं.

त्या ओशाळल्या. "खोटं कशाला बोलू? मला धड झोपच लागत नाही. मशीनवर बसल्या बसल्या रचते झालं. तुम्ही उत्तराच्या सुरुवातीला 'ताई' लिहिता ना... भाऊ गेल्यापासून तसं म्हणणारं कोणी उरलं नाही."

सदर बंद झाल्याचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून त्याने खिशातलं पेन काढलं.


"ताई, या आठवड्याचं स्वप्न सांगा."