शेवट उद्या

"व्हॉट इज कॉन्फ्लिक्ट?" हेमलता मॅडमनी फळ्यावरून वळून खडू थेट सुमित्राबाईंकडे रोखला.

"भांडण," सुमित्राबाई पुटपुटल्या.

"इंग्लिश में, सुमित्राजी."

"कॅरेक्टर वाँट्स वन थिंग. समथिंग स्टॉप्स हिम."

"व्हेरी गुड!"

मागच्या बाकावरून अण्णासाहेबांनी हळूच टाळी वाजवली. वर्गात सगळे साठीच्या पुढचे, बहुतेक पंजाबी. मराठी ही दोघंच. गाझियाबादच्या नव्या वस्तीतल्या त्या दुमजली इमारतीत रोज नाश्ता आटोपला की तळमजल्यावर हा वर्ग भरायचा. राहायच्या खोल्या वर.

गणपती उठले आणि सुमित्राबाई इथं आल्या. आता दिवाळी तोंडावर आली होती. मुलगा सिद्धांत नोएडाला कॉम्प्युटरच्या कंपनीत. दोन हजार साल उजाडताना जगभरची यंत्रं बिघडणार म्हणे, म्हणून अमेरिकेला माणसं हवी होती. त्यात त्याचा नंबर लागला.

"आई, तुझं घोडं इंटरव्ह्यूला अडणार बघ," तो म्हणाला होता. "व्हिसाचा साहेब इंग्लिशमध्ये विचारतो. एक कोर्स आहे, तिथंच राहून शिकायचा. जेवण शुद्ध शाकाहारी, तुझे देवही नेता येतील. तोवर आम्ही इथलं आवरतो."

"आजी साहेबाला सांगेल, या, बसा, चहा घ्या!" सुयश खिदळला होता. नातू आठ वर्षांचा. आताच अर्धं मराठी विसरलेला. तिकडे गेल्यावर आजीशी बोलणार तरी कशात? सुमित्राबाईंचा जीव खरा तिथं अडकला होता. व्हिसा हातात पडेपर्यंत त्यांनी भात सोडला.

बॅग रसिकानं भरून दिली. एकूण एक साडी, दोन्ही शाली. "असू देत सगळं, आई. पुन्हा इकडे यायची खेप नको." सूनबाईंचं काम नेहमीच असं नीटनेटकं.

पहिल्या दिवशी वर्गात सुमित्राबाईंनी भीतभीत विचारलं होतं, "व्हिसाच्या साहेबाला हे सेटिंग नि कॅरेक्टर कशाला हो लागतं?"

मॅडम डस्टर शोधू लागल्या. मग अण्णासाहेबच म्हणाले, "अहो बाई, साहेबापुढे आपली गोष्टच तर सांगायची असते. कुठल्या, कोण, कशासाठी निघालात."

ते त्यांना पटलं. मग पहाटे जपाची माळ ओढून झाली की त्याच आसनावर बसून त्या शब्द घोकू लागल्या. प्लॉट. नॅरेटर. क्लायमॅक्स. मंगळवारी डॉक्टर येऊन सगळ्यांचं ब्लड प्रेशर बघून जायचे. मेडिकलही लागतच असेल, असं म्हणून त्या निमूट हात पुढे करायच्या.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. अण्णासाहेब रेल्वेतले मोठे अधिकारी, इंग्रजी पाण्यासारखं. त्यांना या वर्गाची काय गरज?

"तुमचा व्हिसा अजून नाही झाला?"

"आमचा साहेब भारी कडक आहे," ते हसून म्हणाले.

गेल्या रविवारी सिद्धांत भेटायला आला, तर डोक्याचा चकोट केलेला. वर जेमतेम खुरटे केस.

"अगं बाई! हे काय रे?"

"हैदराबादला ट्रेनिंग होतं. तिथून तिरुपतीला जाऊन आलो. बोललो होतो, व्हिसाचं काम होऊ दे म्हणून."

ज्या लेकानं जन्मात कधी देवापुढे हात जोडले नाहीत, तो केस देऊन आला! सुमित्राबाईंनी त्या खरखरीत डोक्यावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले. "देवानं ऐकलं रे माझं."

तो मान खाली घालून चपलेचा बंद लावत राहिला. "येत्या शनिवारी न्यायला येतो," म्हणाला. जाताना वाकून नमस्कारही केला, आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

आज वर्गात सगळ्या शब्दांची उजळणी होती. "अब अपनी कहानी," मॅडम म्हणाल्या. "सुमित्राजी, सेटिंग?"

"नोएडा. थर्ड फ्लोअर फ्लॅट."

"कॅरेक्टर्स?"

"माय सन सिद्धांत. हिज वाइफ रसिका. सुयश. अँड मी."

"कॉन्फ्लिक्ट?"

"आय वाँट गो अमेरिका. इंग्लिश स्टॉप्स मी." वर्ग हसला, त्याही हसल्या.

"एंडिंग?"

"सॅटरडे माय सन विल..."

"मॅडम, शेवट उद्या घ्या," अण्णासाहेब मध्येच म्हणाले. "घंटा झाली."

घंटा झाली नव्हती. तरी मॅडमनी पुस्तक मिटलं. शेजारच्या बाकावरच्या प्रभाजींनी सुमित्राबाईंचा हात धरून दाबला आणि एकदम उठून निघून गेल्या.

सुमित्राबाईंना काही सुचेना इतका आनंद झाला होता. शेवट सोडला तर सबंध गोष्ट, न अडखळता, इंग्रजीत! हे सुयशला आत्ताच ऐकवायला हवं. ऑफिसातला मॅनेजर एरवी फोनला हात लावू द्यायचा नाही. "बेटा खुद करेगा, माताजी," म्हणायचा. आज त्याची खुर्ची रिकामी होती. त्यांनी घरचा नंबर फिरवला.

"हॅलो? सिद्धांत?"

अनोळखी पुरुषाचा आवाज आला. "सिद्धांतजी तो चले गए, जी. मंगल को फ्लाइट थी, पूरी फॅमिली की. ये फ्लॅट अब हमारे पास है."

काहीतरी गडबड झाली असणार. विमानाची तारीख अलीकडे आली असेल, त्यांचे कागद मागून यायचे असतील. सिद्धांत काही निरोप ठेवल्याशिवाय जायचा नाही. तोंडून ना मराठी निघालं, ना हिंदी. निघालं ते वर्गातलं इंग्रजीच.

"अँड... हिज मदर?"

"मदर?" तिकडचा आवाज एकदम मऊ झाला. "आपको किसी ने बताया नहीं? माताजी तो पिछले महीने गाँव में गुज़र गईं."