आग्रहाचा तास

"पाहुणा 'नको' म्हणाला, की किटली खाली ठेवायची नाही," लिन क्वानने पाचवीच्या वर्गाला सांगितलं. "पुन्हा विचारायचं. तो पुन्हा नको म्हणेल. तरी ओतायचं."

वर्गाच्या मध्यभागी दोन बाकं जोडून टेबल केलं होतं. पाहुणीच्या खुर्चीवर लिनची आई बसली होती, निळ्या जाकिटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. मुलं तिला पोपो म्हणत होती. आजीला कँटनीजमध्ये काय म्हणतात, हे लिनने सकाळीच शिकवलं होतं.

लिन खरं तर विज्ञान शिकवायची. चिनी संस्कृतीचा आठवडा तिच्या वाट्याला आडनावामुळे आला. मुख्याध्यापक म्हणाले होते, तुम्हाला काय, घरचंच आहे. ती ऑस्ट्रेलियातल्या या बेंडिगोतच जन्मली, इथेच वाढली, आणि चुंबकांबद्दल तिला जास्त खात्रीने बोलता येत असे. तरी ती हो म्हणाली. त्या निमित्ताने आईला एक दिवस वृद्धाश्रमाबाहेर काढता येणार होतं. एप्रिलमध्ये तिथे गेल्यापासून आई फार कमी बोलू लागली होती.

तिथे जायचा निर्णय आईचाच, असं लिन सगळ्यांना सांगत असे. आई न्हाणीघरात पडली. एकटीने राहणं शक्य नव्हतं. लिनने विचारलं, आमच्याकडे येतेस का? आई म्हणाली, नको, तुम्हाला कशाला अडचण, मी तिकडे बरी. लिनने तिच्या मताचा मान राखला. नवरा ग्रॅहमही म्हणाला, तू विचारलंस, तिने सांगितलं, आता मनाला लावून घेऊ नकोस.

पहिला यजमान झाला डेक्लन. त्याने चहा विचारला, पोपो नको म्हणाली, आणि तो कप त्याने स्वतःच तोंडाला लावला. वर्ग खिदळला. आईही हसली. तुझ्या घरून पाहुणे घसा कोरडा घेऊनच जात असतील, असं ती त्याला म्हणाली. आईला असं बोलताना लिनने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

मग इमोजेन पुढे आली. ही शेतावरची मुलगी, हट्टी, गणितात उत्तर चुकलं तरी वाद घालणारी. तिने चहा ओतला, आईने दोन बोटं टेबलावर टेकवून आभार मानले. पाहुणी निघायला उठली, तशी इमोजेन वाटेत उभी राहिली.

जेवूनच जा, म्हणाली. पोपो म्हणाली, नको, घरी भात करून ठेवलाय. तो उद्या खा, आमच्याकडे कोंबडी शिजतेय. नको गं, अंधार पडेल. मग आज इथेच राहा, इमोजेन म्हणाली, माझ्या पलंगावर झोपा, मी खाली गादी टाकते, आणि आमचा कुत्रा पायाशी येऊन झोपतो, त्यामुळे ऊब राहते.

हे लिनने शिकवलेलं नव्हतं.

आई खुर्चीवर परत बसली. "बरं बाई," ती म्हणाली. "इतकं म्हणतेस, तर राहते."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. लिन किटली धरून उभी होती. आईचे गाल लाल झाले होते. ती इमोजेनचा हात थोपटत होती, आणि थोपटतच राहिली.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, मिस, पण एखाद्याला खरंच नको असेल, तर कळणार कसं? लिन म्हणाली, विचारत राहायचं, मग कळतं. बोलताना तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा तिला बरं वाटलं.

परतताना वृद्धाश्रमाच्या फाटकाशी तिने गाडी थांबवली, पण दार उघडलं नाही.

"आई, आमच्याकडे राहायला ये."

आई म्हणाली, नको.

लिनने पुन्हा विचारलं. मागची खोली रिकामी आहे, ग्रॅहमच्या सायकली शेडमध्ये हलवते. आई म्हणाली, नको, तुला शाळा असते. लिन म्हणाली, अर्धा दिवसच जाईन. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेते. रविवारी तू सूप करायला शिकव, मला अजून तुझ्यासारखं जमत नाही. ती बोलत राहिली आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. 'बरं बाई' कधी येतं, याची वाट पाहत.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग ती सांगू लागली. लिनने पहिल्यांदा विचारलं, त्याच रात्री आईने बॅग भरली होती. चपला, चहाचा डबा, लिनच्या वडिलांचा फोटो. आठवडाभर ती बॅग दाराशी होती. लिन त्या आठवड्यात येऊन गेली, तिने बॅग पाहिली, आणि म्हणाली, अरे वा, तयारी झालीसुद्धा. मग दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमाचे कागद सहीला आणले.

लिनला ते आठवलं. तिला तेव्हा हायसं वाटलं होतं.

पहिले दोन महिने कठीण गेले, आई म्हणाली. आता शेजारच्या खोलीत मिसेस बियांकी आहेत. त्यांना दिसत नाही. संध्याकाळचं जेवण त्या माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून घेत नाहीत. त्या आता इटालियनच बोलतात, ती मला येत नाही, पण जमतं.

"फक्त शनिवार-रविवार ये," लिन म्हणाली. "आई, ये ना."

आईने आपला सीटबेल्ट सोडला आणि लिनच्या गालावरून हात फिरवला.

"तेव्हाचं 'नको' रीतीचं होतं, लिन," ती म्हणाली. "आजचं खरं आहे."