फोन फुटला

वडील कॅन्सरने गेल्यावर प्रीतमने आईची शपथ घेऊन सिगारेट सोडली. त्यानंतर तो चोरून व्हेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट, ओढायला लागला, ते मात्र घरी कुणालाच माहीत नव्हतं. व्हेपच्या जादा बॅटरीवरचं प्लास्टिक फाटलेलं. "ही फेकून दे. किल्ल्यांसोबत खिशात तर अजिबात ठेवू नकोस," ऑफिसातल्या मित्राने बजावलं होतं. प्रीतमने मनावर घेतलं नाही. घोडबंदर रोडला बसमध्ये उभा असताना ती बॅटरी खिशातच पेटली आणि मांडी भाजली.

"फोन फुटला," त्याने बायकोला, मेघनाला सांगितलं आणि आपला धडधाकट फोन गुपचूप कचऱ्यात टाकला.

मेघना हादरली. "अरे, आईंकडे पण याच मॉडेलचा फोन आहे." दुसऱ्याच दिवशी ती टिटवाळ्याला गेली आणि एकट्या राहणाऱ्या सासूबाईंचा फोन काढून घेतला. "रविवारी आम्ही नवा घेऊन येतो, आई. तोवर हा नको."

शुक्रवारी संध्याकाळी शेजारीण कामावरून परतली, तेव्हा आई दाराशी पडलेल्या दिसल्या. "दुपारपासून छातीत दुखतंय गं. कळवणार कसं?" एवढंच त्या बोलल्या. कल्याणच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावं झालं तरी मेघनाचं रडणं थांबेना. "मीच नेला रे त्यांचा फोन."

प्रीतमने तिला जवळ घेतलं.



"तू काळजीपोटीच नेलास ना," तो म्हणाला.