शिडीपाशी

युद्धासाठी प्रवासी आगबोटीवर तोफा चढल्या, गालिचे उतरले. म्हातारा वाढपी मात्र हट्टाने बोटीवरच राहिला.

एका सकाळी त्या तोफांनी शत्रूची नौका बुडवली आणि कप्तानाने पाण्यातल्या खलाशांना वर घ्यायला सांगितलं. शिडीपाशी वाढपी ब्लँकेटं घेऊन उभा होता. पहिला खलाशी कुडकुडत वर आला आणि जुन्या सवयीने वाढप्याच्या तोंडून निघून गेलं, "या साहेब, आपलं स्वागत आहे!"

तोफेवरची पोरं खो खो हसली. वाढपी ओशाळला.

खलाशी मात्र त्याच्याकडे बघतच राहिला. मग मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "लग्न झाल्यावर बायकोला घेऊन आलो होतो, तेव्हाही तुम्हीच होता इथे."

वाढप्याने ब्लँकेट त्याच्या खांद्यांभोवती नीट लपेटलं.

"बाईसाहेब बऱ्या आहेत ना?"