धुऱ्यावरचा देव

गाडी वावरात शिरली तेव्हा सोजरबाई रोडग्यांची कणीक मळत होती. गाडी कसली, चाकावरचा बंगलाच तो. आत पलंग, आत मोरी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. पुण्याचे नवराबायको शनिवार-रविवार काढायला निघाले आणि अख्खं घरच पाठीवर घेऊन आले. सोजरबाईच्या नातीनं, निकितानं, रिसोडच्या रस्त्यालगतच्या या वावरात मुक्कामाची जागा केली होती. तिथं उतरलेले हे पहिलेच पाहुणे.

पाहुणी खाली उतरली. रूपाली तिचं नाव. तिनं तुरीकडं डोळे भरून पाहिलं, सोजरबाईला वाकून नमस्कार केला आणि चुलीवर रटरटणारं वांग्यांच्या भाजीचं गंज पाहून हसून म्हणाली, "आमच्या जेवणाचं काही करू नका हं, आजी. आत गॅस आहे आमचा. खिचडी टाकू."

सोजरबाईचा हात परातीतच थांबला.

"आजी," निकिता कानाशी आली, "त्यायले शिजवू दे. तू मंधात पडू नको. नाराज झाले तं मोबाइलवर वाईट लिवतीन, मंग कोनी येनार नाई."

"लिवू दे. माह्या वावरात पाहुन्यानं पयल्याच रोजी सोताची चूल पेटवाव, अन् म्या पाहात बसाव? तुह्या आज्याच्या बापापासून असं झालं नाई."

शेजारचा जगदेव दोन वावरांमधल्या धुऱ्यावरच्या बाभळीला टेकून सगळं ऐकत होता. जगदेवाच्या कानावर पडलेली गोष्ट तो घरी पोचायच्या आधी गावात पोचायची.

"काहो सोजरवयनी," तो तिथूनच ओरडला, "पाहुने घरूनच डबा घिऊन आले म्हनते?"

"तुमी तुमच्या म्हशी पाहा, भाऊ!"

एवढं बोलून सोजरबाई उठली आणि तशीच, कणकेच्या हातानं, गाडी पाहायला निघाली. पुढून पाहिली. "काय व माय, याच्यात तं आमच्या गावची पंगत बसन," म्हणत बाजूनं पाहिली. मग मागं गेली. मागं एक लहानसं दार उघडंच होतं, आत लाल सिलिंडर. तसाच सिलिंडर तिच्याही घरी होता. त्याची कळ कुठं असते आणि कुणीकडं फिरवली की बंद होते, ते तिला काही कुणाला विचारावं लागलं नाही.

ती येऊन चुलीशी बसली, देवळातून आल्यासारखी.

थोड्या वेळानं गाडीतून टक् टक् ऐकू यायला लागलं. लायटर काही थांबेना. मग नवऱ्याचा आवाज आला, "अगं, भरलेला आणला होता ना आपण?"

"नाई पेटनार थो," सोजरबाई म्हणाली.

नवरा लायटर हातात घेऊन दारात आला. "का हो, आजी?"

"धुऱ्यावरला देव. थो शेंदराचा धोंडा दिसून राह्यला न लिंबाखाली, थोच. पाहुना आला का घरच्याच चुलीचा धूर पाह्यजे त्याले. दुसरी चूल पेटूच देत नाई. मांगं एक व्यापारी आलता, स्टोव्ह घिऊन. आमी नाई नाई म्हनलं, आयकलंच नाई बापा त्यानं. काडी लावली, तं स्टोव्ह भर्रकन उडाला वरतं! तिसऱ्या रोजी रिसोडच्या बाजारात सापडला, सोयाबीनच्या ढिगावर. तवाबी पेटताच होता. अन् वरतं चहा ठेवलेला, थो उतू बी गेला नवता."

"म्या सोता पाह्यला!" धुऱ्यावरून जगदेव ओरडला. "त्यातला कपभर पेलो बी!"

निकितानं कपाळाला हात लावला.

नवरा पोट धरून हसला, पण हसता हसता गाडीच्या मागं निघाला. रूपालीनं त्याला थांबवलं. "तुम्ही थांबा, मी बघते."

ती मागं गेली. निकिता आजीकडं पाहत होती. पाहता पाहता तिची नजर आजीच्या कणकेनं माखलेल्या हातावर आली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"आजी! तू..."

"भाजी हालव. लागन बुडाले."

रूपाली परत आली. ती अंगठ्यानं बोटं चोळत होती, बोटांना कणीक लागली होती. तिनं सोजरबाईच्या हातांकडं पाहिलं, मग तोंडाकडं. सोजरबाईनं मान खाली घातली नाही. पाहुण्याला उपाशी थोडंच पाठवलं होतं, मान खाली घालायला?

"सिलिंडर भरलेला आहे हो," रूपाली नवऱ्याला म्हणाली. "देवच असणार."

गोवऱ्यांच्या विस्तवातून रोडगे निघाले. राख झटकून सोजरबाईनं एकेक फोडला आणि वरून तुपाची धार धरली. पाहुणे "पुरे, पुरे" म्हणून थकले, धार काही थकली नाही. पहिला घास तोंडात गेल्यावर नवऱ्यानं खिचडीचं नाव पुन्हा काढलं नाही. तेव्हा सोजरबाईनं कमरेवर हात ठेवला आणि धुऱ्याकडं तोंड करून अशी हाक घातली, की ती गावातल्या शेवटच्या घरापर्यंत जावी.

"या हो जगदेवभाऊ! माह्या पाहुन्यायची पंगत बसली!"

जगदेव तर चपला काढूनच उभा होता.

जेवणं झाली. हात धुता धुता नवरा म्हणाला, "सकाळी चहाच्या आधी मी त्या गॅसचं बघतोच."

"काही बघायचं नाही," रूपाली म्हणाली. मग चेहरा अगदी भाविक करून ती सोजरबाईकडं वळली. "आजी, तुमचा देव सकाळी किती वाजता उठतो?"

सोजरबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"उठते कायचा, माय," ती म्हणाली. "पाहुने गेल्याबिगर थो निजतच नाई."