उन्हातले देव

श्रावण कोरडा गेला, तसं कळंबकडच्या एका गावाने घरोघरचे देव पाण्यात बुडवून ठेवायचं ठरवलं. जीव गुदमरला की पाडतील पाऊस! कोणी कुचराई करू नये म्हणून पाटील स्वतः दारोदार फिरून, पाणी देवांच्या नाकावर आहे ना, ते बघत होते.

गोदूबाईच्या देव्हाऱ्यात देवच नव्हते. ते अंगणात, सुपात, रणरणत्या उन्हात वाळत पडले होते.

“काय गं गोदू, सारा गाव पावसासाठी झुरतोय, आन्‌ तू देव वाळवतेस?”

“माजं शेत तळ्याकाठी हाय, पाटील. दरसाल तळं चढतं आन्‌ भात कुजतं. औंदा तळं आटलं, म्हून काठच्या ओलीवर पयल्यांदा तरारलंय. पाऊस आला का बुडलंच.”

“तुज्या एकटीच्या भातासाठी गावाचा पाऊस अडवतेस?”

“दरसाल माजं बुडायचं, तवा तुमी कुणी देव उन्हात घातलं व्हतं का? आन्‌ तुमचं भात तर करपून गेलं. आता पावसानं ते जित्तं व्हनार नाय. माजं बी बुडलं, तर गावानं खायचं काय?”

पाटलांनी आधी आपल्या करपलेल्या खाचरांकडे पाहिलं, मग तळ्याकाठच्या हिरव्यागार पट्ट्याकडे.



मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून ते सुपाशी उकिडवे बसले आणि एकेक देव उचलून त्यांनी दुसऱ्या कुशीवर वळवला. ती बाजू अजून वाळायची होती.