जनकाबाईंचा आवाज

"फॉरमॅट मारावं लागंल का?" शेषरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"बघतो न काका," कॉम्प्युटरचं झाकण उघडत अफरोज म्हणाला. हिंगोलीत दुरुस्तीचं दुकान त्याचंच. "डिस्क लई खराब झाली. विंडोज चालूच होऊन न्हाई राहिलं. काही खास होतं काय त्यात?"

"खास काय असनार? चालू झाला म्हंजे बस."

हा त्यांचा जन्माचा स्वभाव. मनातलं ओठावर येईल तर शपथ! त्या कॉम्प्युटरात त्यांच्या बायकोच्या, जनकाबाईंच्या, बावन्न रेकॉर्डिंग होत्या. कोरोनात अंगणवाडी बंद होती, तेव्हा जनकाबाई घरी बसून लेकरांसाठी गोष्टी रेकॉर्ड करायच्या आणि शेषराव शेजारच्या खोलीतून ओरडायचे, "किती बडबड करून राहिली! बातम्या ऐकू दे."

जनकाबाईंना जाऊन आता आठ महिने झाले होते. घरात बातम्या अगदी स्वच्छ ऐकू यायच्या. तिची एकही गोष्ट त्यांनी कधी ऐकली नव्हती, आणि ऐकावीशी वाटली त्याच दिवशी कॉम्प्युटर बंद पडला. इतका स्वतःचा राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता.

पुण्याहून लेकीनं, सपनानं, फोनवर बजावलं होतं, "बाबा, दुकानवाल्याला नीट सांगा. आईचं सगळं काढून घ्या म्हणावं." शेषराव हो म्हणाले, पण परक्यासमोर बायकोचा विषय काढणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. सांगायचं राहूनच गेलं.

चौथ्या दिवशी अफरोजचा फोन आला.

"काका, विंडोज चालू झालं! फॉरमॅट न मारता. जुनं सगळं बराबर हाय. एक अंगणवाडी नावाचं फोल्डर दिसून राहिलं, बावन्न रेकॉर्डिंगचं. काढू काय?"

शेषरावांनी टीव्हीवरच्या बातम्या बंद केल्या.

"काढा," ते कसेबसे म्हणाले. "सगळं काढा. एकबी ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी आपल्या गावाहून, पुसेगावहून, सकाळच्याच एसटीनं ते हिंगोलीला निघाले. खिशात नवा हेडफोन होता. पहिली गोष्ट तिथं दुकानातच ऐकायची, डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, असं त्यांनी बसमध्ये ठरवून टाकलं.

अफरोजनं बटण दाबलं. स्क्रीन लगेच उजळली.

"बघा काका, कसा पळून राहिला!"

"बायकोचा आवाज हाय त्यात," शेषराव म्हणाले. ते हेडफोनची गुंडाळी सोडवू लागले. "गेली ती. अंगणवाडीतली पहिली गोष्ट लाव न बापा."

अफरोजचा हात माउसवर तसाच थांबला.

"काका, डिस्कमधी जागाच न्हवती, म्हणून तर तुमाला विचारलं, काढू काय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कालच सगळ्या पुसल्या अन् त्या जागेवर अपडेट चढवला."